घरगुती पतंग-संगोपन : छंद, शास्त्र आणि जबाबदारी

प्रस्तावना :

फुलपाखरांना आपल्याकडे जे प्रेम लाभले ते पतंगांच्या वाट्याला आले नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये 'ब्ल्यू मॉरमॉन' या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा मान दिला. पतंग मात्र दिव्यावर झेप घेऊन जळणारा एक अविचारी जीव म्हणून कवितेत आणि लोकरीचे कपडे कुरतडणारा म्हणून घरात ओळखला जातो. वास्तविक भारतात फुलपाखरांच्या सुमारे १,३०० ते १,४०० जाती असताना पतंगांच्या जाती १०,००० हून अधिक आहेत. यांपैकी असंख्य जातींचा प्रौढ पतंग वर्णिला गेला आहे. परंतु त्याची अळी कशी दिसते व ती कोणत्या वनस्पतीवर वाढते, याची नोंद झालेली नाही. ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अळी आणून ती डोळ्यांसमोर वाढविणे हाच होय. त्यामुळे पतंग घरी वाढविण्याचा छंद हा केवळ विरंगुळा न राहता ज्ञाननिर्मितीचे साधन ठरू शकतो. प्रस्तुत लेखात या छंदाची पार्श्वभूमी, पद्धती, मर्यादा आणि महाविद्यालयीन अध्यापनातील उपयुक्तता यांचा परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अळ्या पाळून त्यांचे रूपांतरण नोंदविण्याची परंपरा जुनी आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे मारिया सिबिला मेरिअन (१६४७-१७१७) हिने वयाच्या तेराव्या वर्षी रेशीमकिडे पाळण्यास प्रारंभ केला. कीटक चिखलातून अथवा कुजक्या पदार्थांतून आपोआप उत्पन्न होतात, असा समज तेव्हा प्रचलित होता. मेरिअनने अंडे, अळी, कोश व पतंग या चारही अवस्था त्यांच्या खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात रेखाटल्या. १६९९ मध्ये ती दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे गेली आणि तेथील कीटकांवरील तिचा ग्रंथ १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारताच्या संदर्भात टी. आर. बेल (१८६३-१९४८) यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. वन खात्यातील या अधिकाऱ्याने गोव्यालगतच्या कारवार परिसरात हजारो अळ्या गोळा करून त्या वाढविल्या. मेजर एफ. बी. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतातील स्फिंजिडी कुळाच्या (हॉकमॉथ) पतंगांवरील खंड १९३७ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील अळ्या, कोश व खाद्यवनस्पती यांची वर्णने आजही अभ्यासकांना आधारभूत वाटतात. सुसज्ज प्रयोगशाळेविना, केवळ चिकाटीने केलेले हे काम आहे.

महाराष्ट्राच्या लोकजीवनातही या विद्येची मुळे आहेत. भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या वृक्षांवर टसर पतंगाच्या अळ्या वाढवून 'कोसा' रेशीम मिळविले जाते. पक्षी व मुंग्यांपासून अळ्यांचे रक्षण करीत झाडाखाली राखण करणारा तेथील शेतकरी पतंगाचे जीवनचक्र पुस्तकाविना जाणतो.

जातीची निवड :

नवोदिताने पुढील क्रमाने जावे, हे श्रेयस्कर.

१) तुतीचा रेशीमकीटक : हजारो वर्षे माणसाळलेल्या या पतंगास उडता येत नाही व तो निसर्गात तग धरू शकत नाही. त्यामुळे तो निसटून उपद्रव करील ही भीती उरत नाही. त्याचे अंडीपुंज रेशीम विभागाच्या माध्यमातून उपलब्ध होऊ शकतात. खाद्य म्हणून तुतीचा पाला एवढेच लागते. अळी सुमारे २५ दिवसांत चार वेळा कात टाकते आणि तिचे वजन जवळपास दहा हजार पटींनी वाढते.

२) कण्हेरीवरील हॉकमॉथ (डॅफ्निस नेरी) : अंगणातील तगर, कण्हेर अथवा सदाफुलीवर ही हिरवीगार, धष्टपुष्ट अळी आढळते. तिच्या पुढील भागावर निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असून शेपटीकडे शिंग असते. कोशावस्थेपूर्वी ती तपकिरी होते व जमिनीकडे उतरते. कण्हेर विषारी असल्याने पाला हाताळल्यावर हात धुणे अत्यावश्यक आहे.

३) चंद्र पतंग (ॲक्टिअस सेलेने) : फिकट हिरव्या पंखांचा व लांब शेपट्यांचा हा देखणा पतंग पावसाळ्यात आपल्या जंगलपट्ट्यात दिसतो. मोई हे त्याच्या अळीचे एक खाद्यझाड. या पतंगाचे मुख निरुपयोगी असते. तो काहीही खात नाही आणि अळी असताना साठविलेल्या ऊर्जेवर जेमतेम आठवडाभर जगतो. त्यामुळे घरी प्रजननाचा प्रयोग करणाऱ्यास तो सोयीचा ठरतो.

केसाळ सुरवंटांपासून मात्र आरंभी दूर राहावे. अनेकांच्या केसांमुळे त्वचेस तीव्र खाज व सूज येते.

संगोपनाची पद्धती :

या छंदास लागणारे साहित्य अल्प आहे. रुंद तोंडाची बरणी किंवा प्लॅस्टिकचा डबा, त्यावर बांधण्यास मलमलीचे कापड, तळाशी अंथरण्यास कागद आणि अळ्या उचलण्यास मऊ कुंचला एवढ्यावर काम भागते. तथापि पुढील पथ्ये कसोशीने पाळावी लागतात.

अळी ज्या झाडावर सापडली त्याच झाडाचा पाला तिला द्यावा. बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतींखेरीज दुसरे काही खात नाहीत व उपाशी मरतात. पाला ताजा व कोरडा असावा. रोपवाटिकेतील किंवा फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरील पाला कदापि वापरू नये. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवल्यास बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, अन्यथा अळ्या खाली उतरून बुडतात.

विष्ठा दररोज काढावी. दमटपणा व गर्दी ही रोगांची जननी होय. विषाणुबाधित अळी मलूल होऊन बहुधा उलटी लोंबकळते व तिच्या शरीरातून द्रव पाझरतो. अशी अळी तत्काळ वेगळी करून डबा निर्जंतुक करावा. कात टाकण्यापूर्वी अळी खाणे थांबवून निश्चल होते. ती आजारी आहे असे समजून तिला हलविल्यास जुनी कात अडकून ती दगावते.

कोशावस्थेची व्यवस्था जातीनुसार बदलते. रेशीमकीटक व चंद्र पतंग कोशेटा विणतात, तर हॉकमॉथच्या अळीस भुसभुशीत माती अथवा पालापाचोळा लागतो. कोश पूर्ण सुकू देऊ नये. अधूनमधून पाण्याचा हलका तुषार द्यावा. पतंग बाहेर आल्यावर त्याचे पंख चुरगळलेले व ओले असतात. खरबरीत उभ्या पृष्ठभागावर चढून लोंबकळता आले तरच ते उलगडतात. गुळगुळीत काचेच्या बरणीत त्यास आधार न मिळाल्यास पंख कायमचे वेडेवाकडे राहतात. एक साधी काडी वेळेवर उभी केली की हे टळते.

प्रजनन :

मादी शरीरातून विशिष्ट गंधद्रव्य सोडते व नर आपल्या पिसासारख्या शृंगिकांनी ते हुंगून येतो. फ्रान्समधील कीटकनिरीक्षक जाँ-आंरी फाब्र यांनी आपल्या घरात जाळीखाली ठेवलेल्या एका 'ग्रेट पीकॉक' मादीकडे एका रात्रीत सुमारे ४० नर आल्याचे नोंदविले आहे. या गंधाचे रासायनिक स्वरूप जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये उलगडले. त्यासाठी त्यांना सुमारे पाच लाख रेशीम-मादींचा उपयोग करावा लागला. आज फेरोमोन सापळे वापरणारा आपला कापूस उत्पादक शेतकरी याच संशोधनपरंपरेचा लाभार्थी आहे.

घरी प्रजननासाठी अर्धा मीटर लांबी-रुंदीचा जाळीचा पिंजरा हवेशीर, अंधाऱ्या जागी ठेवावा. मीलनानंतर मादी कापडावर अथवा जाळीवर अंडी घालते. ती खरवडून काढण्याऐवजी कापडाचा तेवढा तुकडा कापून घ्यावा. हॉकमॉथचे प्रजनन कठीण असते; कारण प्रौढास मकरंद लागतो व त्याला साखरपाणी हाताने पाजावे लागते. एकाच मादीच्या संततीत पिढ्यान्‌पिढ्या संकर होत राहिल्यास अंडी न उबणे, अळ्या दुर्बळ निपजणे असे परिणाम दिसतात.

जबाबदारी :

एका व्यक्तीचा छंद संपूर्ण प्रदेशास किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. एत्येन लिओपोल्ड ट्रुव्हलो हा फ्रेंच चित्रकार मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेडफर्ड येथे रेशीम-पतंगांचे प्रयोग करीत असे. त्याने युरोपातून आणलेल्या 'लिमँट्रिया डिस्पार' या पतंगाच्या काही अळ्या १८६८-६९ च्या सुमारास निसटल्या. सुमारे वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, मेडफर्डमधील झाडे निष्पर्ण झाली आणि अळ्या घरांच्या भिंतींवर चढू लागल्या. १८९० पासून शासनाने निर्मूलनाचे प्रयत्न केले. ते असफल ठरले. आजही हा पतंग उत्तर अमेरिकेतील वनांचा प्रमुख शत्रू आहे. ज्याच्या घरातून तो निसटला, तो वाईट हेतूचा माणूस नव्हता. त्याची जाळी पुरेशी घट्ट नव्हती, एवढेच.

यावरून पुढील नियम निष्पन्न होतात. परदेशी अथवा दूरच्या प्रदेशातील जाती आणू नयेत. स्थानिक अळी जेथून आणली तेथेच पतंग मुक्त करावा. रोगट संचातील एकही जीव बाहेर सोडू नये. पिकांवरील किडींचे प्रजनन घरी करू नये. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीविना काहीही गोळा करता येत नाही. संरक्षित जातींच्या अनुसूचीही आधी तपासाव्यात. एका वेळी चार-पाचच अळ्या घ्याव्यात.

निसर्गातून आणलेल्या अळीतून पुष्कळदा पतंगाऐवजी परजीवी माशी अथवा गांधीलमाशीसारखा चिमुकला कीटक बाहेर पडतो. छंदिष्टास तो अपेक्षाभंग वाटतो. अभ्यासकाने मात्र त्याचीही नोंद करावी. कोणत्या अळीवर कोणता परजीवी जगतो, ही माहिती जैविक कीडनियंत्रणास मोलाची असते.

अध्यापनातील उपयोग :

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील प्राणिविच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले. त्यामुळे जिवंत प्राण्याच्या निरीक्षणास पर्याय कोणता, हा प्रश्न ग्रामीण महाविद्यालयांपुढे आहे. पतंग-संगोपन हे त्याचे अल्पखर्चिक उत्तर होय. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी खाद्यवनस्पती ओळखेल, प्राणिशास्त्राचा विद्यार्थी अवस्था नोंदवील, संख्याशास्त्राचा विद्यार्थी वाढीचे आलेख काढील आणि मराठीचा विद्यार्थी परिसरातील अळ्यांची बोलीनावे संकलित करील. दिनांक, स्थळ, खाद्यवनस्पती, तापमान, कात टाकण्याचे दिवस व छायाचित्र एवढ्या सहा बाबींची शिस्तबद्ध नोंद ठेवल्यास विद्यार्थ्याची वही हा एक प्राथमिक दस्तऐवज बनतो.

समारोप :

पतंग-संगोपन हा कमी खर्चाचा, परंतु नियमितपणाची कठोर परीक्षा पाहणारा छंद आहे. अळीला रविवारची सुटी नसते. तिचा पाला रोज आणावा लागतो. आणि तो आणताना परिसरातील मोईचे झाड तोडले गेले, तगरीवर फवारणी झाली, ओढ्याकाठचा अर्जुन नाहीसा झाला, हे प्रथम लक्षात येते. पतंग वाचवायचा तर त्याचे झाड वाचले पाहिजे, हे तत्त्व व्याख्यानातून सांगता येते. परंतु उपाशी अळीसाठी पाला शोधत फिरलेल्या विद्यार्थ्यास ते पुन्हा सांगावे लागत नाही. आपल्या तालुक्यातील पतंग कोणते आणि ते कशावर जगतात, या प्रश्नाचे उत्तर आज बहुतेक ठिकाणी लिहिलेले नाही. ते लिहिण्याचे काम महाविद्यालयीन शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांसह हाती घेणे उचित ठरेल.