ध्वनी अडतो तेथे

उन्हाळा तोंडावर आला की कुंभारवाड्यातून नवा माठ आणावयाचा, आणि तो घेताना आजीने बोटाच्या पेराने त्यावर दोनतीन वेळा टकटक करून, कान जवळ नेऊन, क्षणभर थांबून, मगच किमतीची भाषा सुरू करावयाची, असा आमच्या घरचा परिपाठ होता. खणखणीत वाजला तो माठ पक्का भाजलेला आणि अखंड. बद्द वाजला त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी चीर असणार, हा तिचा निवाडा चुकल्याचे मला स्मरत नाही. पुढे पदार्थविज्ञानाचा अभ्यास करू लागल्यावर ध्यानात आले की त्या साध्या टिचकीत एका मोठ्या शास्त्राचे बीज दडलेले होते. कारण जी वस्तू दृष्टीला आत शिरू देत नाही ती ध्वनीला पुष्कळदा शिरू देते, आणि आत गेलेला ध्वनी जेथे अडतो, मोडतो किंवा माघारी फिरतो, तेथली बातमी तो बाहेर थांबलेल्या कानाला आणून देतो.

वैद्यकाने ही टिचकी अठराव्या शतकातच आपलीशी केली. ग्राट्स येथील एका खानावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर हा पिंपावर ठोकून आतल्या मद्याची पातळी ओळखण्याची रीत वडिलांच्या तळघरात पाहत मोठा झाला, असे सांगतात. व्हिएन्नात वैद्य झाल्यावर त्याने तीच रीत रुग्णाच्या छातीवर योजली आणि हवेने भरलेले फुप्फुस व पाणी साचलेले फुप्फुस यांच्या नादांतील भेद १७६१ साली एका लहानशा ग्रंथात नोंदवून ठेवला. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेकने कागदाची घट्ट सुरळी करून तिचे एक टोक रुग्णाच्या छातीला व दुसरे आपल्या कानाला लावले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. शरीर न कापता शरीराच्या आतले जाणून घ्यावयाचे तर त्याचा कानोसा घ्यावा लागतो, हा विचार येथे रुजला. आजची सोनोग्राफी ही त्याच विचाराची दूरची परंतु थेट वंशज आहे.

ध्वनी म्हणजे माध्यमातून पुढे सरकणारा दाबाचा चढउतार. दिंडीच्या दाटीत मागून आलेला रेटा माणसामाणसांतून पुढे जातो, पण माणूस मात्र जागच्या जागी किंचित हेलकावून पुन्हा उभा राहतो, तसेच हवेच्या कणांचे होते. प्रवास घडतो तो धक्क्याचा. म्हणूनच माध्यम नाही तेथे ध्वनी नाही, हे रॉबर्ट बॉइलने १६६० साली काचपात्रातील हवा काढून घेऊन दाखवून दिले. न्यूटनने १६८७ मध्ये ध्वनीचा वेग गणिताने काढला, परंतु त्याचे उत्तर प्रत्यक्षाहून सुमारे एक षष्ठांशाने कमी भरले. दाबली गेलेली हवा क्षणमात्र तापते आणि ती उष्णता बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही, हे कारण लाप्लासने १८१६ मध्ये पुरवल्यावर हिशेब जुळला. साधारण तपमानाच्या हवेत हा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. पाण्यातील वेगासाठी कोलादों आणि स्टुर्म या दोघांनी १८२६ मध्ये जिनीव्हाच्या सरोवरात, एकमेकींपासून तेरा किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या दोन नावांवरून, एकीकडे पाण्याखाली घंटा वाजवून त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा उजेड केला आणि दुसरीकडे पाण्यात बुडवलेल्या लांब कर्ण्याला कान लावून वेळ मोजली. उत्तर आले सेकंदाला १४३५ मीटर.

कंप्रतेने, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येने, आवाजाची उंची ठरते, तर मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांनी त्याचा पोत. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर परस्परांशी जुळत नाहीत, म्हणून बहुतेक ढोलांतून गाज निघते, स्वर निघत नाही. मात्र तबला आणि मृदंग यांच्यावरील शाईच्या भाराने हे उपस्वर पूर्णांकांच्या प्रमाणात बसतात, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवले. ज्या अनाम कारागिरांनी पुडीवर शाईचे थर घोटून घोटून ही गोष्ट पिढ्यानुपिढ्या हाताने साधली होती, त्यांच्या कानाला विज्ञानाने दिलेली ती पावतीच होय.

आता या लेखाचा जो कणा, त्या सीमेच्या प्रश्नाकडे वळू. माध्यमाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराला ध्वनिसंरोध म्हणतात, आणि दोन माध्यमांच्या संरोधांत जितका फरक अधिक, तितका त्यांच्या सीमेवरून ध्वनी अधिक परततो. जुन्या काळी दोन संस्थानांच्या सरहद्दीवर जकातनाका असे, तशीच ही व्यवस्था: दोहोंकडचे दर सारखे असले तर माल बिनहरकत पार होतो, भिन्न असले तर बहुतांश मालाची रवानगी माघारी होते. हवा आणि पाणी यांच्यामधला हा नाका तर विलक्षण कडक. हवेतून येणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेचे हजारातील जेमतेम एक अंश पाण्यात शिरतो. विहिरीत बुडी मारल्याबरोबर काठावरच्यांची हाक अकस्मात दूर गेल्यासारखी वाटते ती यामुळेच.

परंतु आपला ऐकण्याचा अवयवही मुळात पाण्यातच बुडालेला आहे. अंतःकर्ण द्रवाने भरलेला, आणि हाक येते ती हवेतून. म्हणजे प्रत्येक शब्दाला हा नाका ओलांडणे भाग. ही अडचण निसर्गाने ज्या तजविजीने दूर केली ती पाहून मी आजही स्तिमित होतो. कर्णपटलाचे कंप पावणारे क्षेत्र सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, तर हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीच्या शेवटी रिकिबीचा तळ अवघा तीन चौरस मिलिमीटरांच्या आसपास. मोठ्या पडद्यावरचे बल लहान तळावर एकवटल्याने आणि हाडांच्या तरफेची थोडी भर पडल्याने दाब सुमारे बावीसपट होतो, आणि जो ध्वनी सीमेवरून परत गेला असता त्याचा मोठा भाग आत पोहोचतो. घाट उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब विषम होऊन हीच यंत्रणा आखडलेली असते; गिळताना घशाकडची नळी उघडते, दडे सुटतात आणि जग पुन्हा जवळ येते.

रिकिबीने दिलेला धक्का गोगलगायीच्या शंखाप्रमाणे अडीच वेढ्यांहून थोड्या अधिक गुंडाळलेल्या कर्णावर्तात शिरतो. उलगडली तर ही नळी जेमतेम ३५ मिलिमीटर लांब भरेल. तीमधील पडद्याचा आरंभीचा, अरुंद व ताठ भाग उंच स्वरांना आणि शेवटचा, रुंद व सैल भाग खर्जाला प्रतिसाद देतो. हे घडते कसे याचा उलगडा गेऑर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन पदार्थवैज्ञानिकाने केला. बुडापेस्टच्या टेलिफोन-प्रयोगशाळेत नोकरी करीत असताना, उत्तम टेलिफोन बनवावयाचा तर अगोदर कान समजून घेतला पाहिजे या जाणिवेने, मृतांच्या कर्णावर्तांत सूक्ष्मदर्शकाखाली सरकणाऱ्या लाटा त्याने पाहिल्या, आणि १९६१ चे नोबेल पारितोषिक त्याच्याकडे चालत आले. या पडद्यावर सुमारे ३,५०० आतल्या आणि १२,००० बाहेरच्या केशपेशी असतात. लाटेने त्यांचे सूक्ष्म केस कलले की विद्युत्-संदेश निघतो, आणि जो मजकूर तोवर केवळ दाब होता तो मेंदूच्या भाषेत लिहिला जातो.

मनुष्याच्या कानाची हद्द २० ते २०,००० हर्ट्झ. तिच्यापलीकडेही ध्वनी आहे, याचा माग प्रथम वटवाघळांनी दिला. इटलीतील स्पालांझानीला १७९० च्या दशकात दिसून आले, की वटवाघळाचे डोळे निकामी केले तरी त्याला मार्ग सापडतो, पण कान बंद केले की ते आदळते. ज्या आवाजाने ते मार्ग शोधते तो मात्र सुमारे दीडशे वर्षांनंतर, ग्रिफिन आणि गॅलॅम्बस यांच्या प्रयोगांनीच उघडकीस आला. दरम्यान, असा श्राव्यातीत ध्वनी निर्माण करण्याचे साधन माणसाच्या हाती आले होते. १८८० साली झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंना आढळले की क्वार्ट्झसारखे स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युत्भार येतो. लिपमनच्या भाकितानुसार उलट, विद्युत्दाब दिला असता ते आकुंचन-प्रसरण पावतात, हेही लवकरच सिद्ध झाले. म्हणजे एकच स्फटिक मुख आणि कान दोन्ही होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी पॉल लांजव्हँने हे तत्त्व राबवले आणि प्रतिध्वनीने सागरतळ मोजता येऊ लागला. १९३५–३६ मध्ये रामन आणि नागेंद्रनाथ यांनी बंगळूर येथून, द्रवातील श्राव्यातीत लाटांवर प्रकाशाचे विवर्तन कसे होते याचा जो सिद्धान्त मांडला, तोही याच प्रांतातला.

युद्धातील विद्या सूतिकागृहापर्यंत आली ती कारखान्याच्या वाटेने. ओतीव धातूतील भेगा हुडकण्यासाठी प्रतिध्वनीची यंत्रे वापरात आली होती, आणि ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी, युद्धकाळात हवाई दलात राहून रडारची ओळख झालेली असल्यामुळे, जे यंत्र पोलादातील भेग सांगते ते देहातील गाठ सांगणार नाही काय, असा प्रश्न स्वतःला घातला. १९५५ च्या उन्हाळ्यात ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात गेले. तुलनेसाठी मांसाचा एक तुकडाही होता. घन गाठ आणि द्रवाने भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्टपणे वेगळे आले. पुढे टॉम ब्राउन हा तरुण अभियंता व जॉन मॅकव्हिकर हे वैद्य त्यांना येऊन मिळाले, आणि १९५८ च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. असाध्य कर्करोग ठरवल्या गेलेल्या एका स्त्रीच्या पोटात वस्तुतः बीजकोशाची, काढून टाकता येण्याजोगी गाठ आहे, हे या यंत्राने सांगितले होते. शस्त्रक्रिया झाली आणि ती बरी झाली.

आज तालुक्याच्या गावीही आढळणारे सोनोग्राफीचे यंत्र त्याच तत्त्वावर चालते. पोटासाठी सेकंदाला साधारण तीस ते पन्नास लक्ष कंपने, गळ्याच्या ग्रंथीसारख्या उथळ भागासाठी कोटीच्या घरात. कंप्रता वाढवावी तितका तपशील बारीक, पण ध्वनी तितका लवकर शोषला जातो, त्यामुळे सूक्ष्मता आणि खोली यांत तडजोड अटळ. शरीरातील मऊ ऊतींत ध्वनीचा वेग १५४० मीटर धरतात, म्हणजे एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी १३ मायक्रोसेकंदांत परततो. पंधरा सेंटिमीटरांपर्यंतचे पोट तपासावयाचे तर त्वचेवर टेकवलेला प्रोब एखादा मायक्रोसेकंद बोलतो आणि पुढचे सुमारे दोनशे मायक्रोसेकंद निमूटपणे ऐकत राहतो. यकृत, मूत्रपिंड, गर्भजल यांच्या संरोधांत भेद थोडे, म्हणून प्रत्येक सीमेवर ध्वनीचा अल्पसा अंश परततो आणि उरलेला पुढच्या सीमेची वार्ता आणण्यास निघतो. त्वचेवर गार जेल चोपडतात ते हवेचा पातळ थर हटवण्यासाठी, अन्यथा ध्वनी दारातूनच परतेल. आणि भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावयास सांगतात, कारण भरलेला मूत्राशय वायूने फुगलेली आतडी बाजूस सारून ध्वनीला वाट करून देतो. रक्ताच्या वाहत्या पेशींवरून परतलेल्या ध्वनीची कंप्रता किंचित बदलते, आणि डॉप्लरने १८४२ मध्ये सांगितलेल्या या नियमावरून हृदयाच्या झडपेतील गळती दिसते. हवेने भरलेल्या फुप्फुसापुढे आणि कवटीच्या हाडापुढे मात्र हे यंत्र बव्हंशी हतबल ठरते. सीमा अति कडक असली की बातमीही मिळत नाही.

येथवर लिहून थांबलो असतो तर हा आढावा अपुरा आणि अप्रामाणिक ठरला असता. ज्या प्रतिध्वनीने अनेक मातांचे प्राण वाचवले, त्याच प्रतिध्वनीचा उपयोग आपल्या समाजाने मुलीला जन्मापूर्वीच नाकारण्यासाठी केला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राने १९९४ मध्ये. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा अर्ज, दारावरचा ठळक फलक हे सारे दप्तर आवश्यकच आहे आणि त्याची अंमलबजावणी कसोशीने झालीच पाहिजे. पण ध्वनीने आणलेली बातमी निष्पाप असते, दोष तिचा अर्थ लावणाऱ्याचा असतो, हे आपण स्वतःशी कबूल केल्याशिवाय कायद्याचा हात पुरा पडणार नाही.

जन्मलेल्या कानाविषयीही आपण असेच बेपर्वा आहोत. डेसिबेलचे माप गुणाकाराने चढते. दहा डेसिबेलांची वाढ म्हणजे ऊर्जा दहापट. ८५ डेसिबेलांच्या गोंगाटात रोज आठ तास ही सोसण्याची मर्यादा मानली जाते, आणि आपल्याकडील नियमाने फटाक्याला चार मीटरांवर १२५ डेसिबेलांपर्यंत मोकळीक आहे. या आवाजांनी कानठळ्या बसतात त्या काही वेळाने उतरतात, परंतु आत मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. ती पुन्हा उगवण्याचे वरदान पक्ष्यांना आहे, आपल्याला नाही. दिवाळीत अंगणात फटाक्यांची माळ लागते. शेजारच्या पाळण्यातील कानाची त्या वेळी आठवण ठेवावी, एवढे मागणे मांडतो.

त्या पाळण्यातील कानाची एक गोष्ट सांगून संपवतो. १९७८ मध्ये लंडन येथे डेव्हिड केम्प यांना आढळून आले की निरोगी कान केवळ ऐकत नाही, तो स्वतःही अत्यंत क्षीण आवाज करतो. बाहेरच्या केशपेशी लाटेला जोर देण्यासाठी हलतात, आणि त्या हालचालीचा प्रतिसाद तीच तीन हाडे आणि तोच पडदा ओलांडून, उलट दिशेने, बाहेर येतो. या शोधावरून नवजात बालकाचे श्रवण पारखण्याची रीत निघाली. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडाचे लहानसे यंत्र ठेवतात. ते एक हलकी टिकटिक ऐकवते, आणि मग आजी माठावर टिचकी मारून थांबे तसे क्षणमात्र थांबते. त्या थांबलेल्या क्षणात, काही सहस्रांश सेकंदांनी, बाळाचा कान आतून उत्तर देतो. ते उत्तर न आल्यास फेरतपासणी करून, बाळाचे बोबडे बोल हरवण्यापूर्वीच उपाय योजता येतो. ज्या यंत्रांनी मुलीला जन्मापूर्वी पाहिले, त्यांच्या इतक्याच तत्परतेने हे दुसरे यंत्र प्रत्येक सूतिकागृहात त्या मुलीच्या उशाशी आले, तर ध्वनीच्या या दीर्घ अभ्यासाचे ऋण आपण थोडेतरी फेडले असे होईल.