जुनी स्टेशन वॅगन घरी सुधारताय? आधी पत्रा, मग ब्रेक, शेवटी रंग

"रंग कुठला देणार?" आमच्या पार्किंगमधल्या गाडीबद्दल सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. गाडी म्हणजे बाबांची १९९६ची टाटा इस्टेट. टेल्कोने १९९२मध्ये बाजारात आणलेली ही स्टेशन वॅगन टाटामोबाईल पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेली, इंजिन १९४८ सीसीचं डिझेल. म्हणजे दिसायला कार, स्वभावाने टेम्पो!

आता तिचं पासिंग तोंडावर आलंय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. तपासणीत अडकली, तर भंगारवाला वाट बघतोच आहे. म्हणून रंगाचं उत्तर आज नाही. आज बोलायचंय ते क्रमाबद्दल, कारण पैसे आणि रविवार दोन्ही मोजकेच असतात.

सगळ्यात आधी बॅकअप. हो, आमच्या कोडिंगसारखाच. काहीही खोलण्याआधी फोटो काढा. प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नाव लिहा. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. तीन महिन्यांनी आठवणीवर जोडणी होत नाही.

मग पत्रा. फ्रिजवरचं साधं लोहचुंबक घ्या आणि गाडीभर फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे खाली जाड पुट्टी भरलेली आहे समजा. गंजावर पुट्टी मारली की गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. वरवरचा गंज घरी घासून काढता येतो. मग रेड ऑक्साईड, मग पुढचं. पण पत्रा आरपार गेला असेल, किंवा सांगाड्यालाच गंज असेल, तर ते वेल्डिंगवाल्याचं काम. तिथे यूट्यूब बघून हात घालू नका.

आता खास वॅगनची गंमत ऐका. हिची पाठ चौकोनी. गाडी पळत असताना त्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, आणि रस्त्यावरची धूळ, सायलेन्सरचा धूर उलटा डिकीच्या दाराकडे ओढला जातो. दाराचं रबर कडक झालं असेल, तर तो धूर थेट आत. मागे बसलेल्यांचं डोकं का दुखतं, ते आता कळलं? तपासायचं कसं: कागदाची पट्टी रबरावर ठेवा, दार लावा, पट्टी ओढा. सहज निघाली तर रबर बदला. दार वर धरणारे गॅसचे दांडे थकले असतील तर तेही बदला. ते दार डोक्यावर पडलं तर हसू येत नाही.

ब्रेकला तडजोड नाही. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा पेडल मऊ पडतो. ऑईल, रबरी होज आणि ड्रमच्या आतले भाग चांगल्या मेकॅनिककडून बदलून घ्या. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली घोडी लावा, विटा नाहीत. वीट न सांगता फुटते.

एवढं झालं की हौस! माझा नियम एकच: उद्या परत मागे नेता येईल असाच बदल. सीट कव्हर, स्पीकर, डिकीत प्लायची फळी, सगळं चालेल. हेडलाईट मंद वाटतो? जुन्या बऱ्याच गाड्यांत सगळा करंट स्विचमधून फिरून येतो. रिले आणि जाड वायर टाकली की तोच बल्ब उजळतो. मूळ भाग मात्र खोक्यात जपून ठेवा.

इंजिन किंवा सांगाड्याला हात लावायचा असेल तर आधी आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा फेरफार मनाने करता येत नाही. रंग बदललात तर त्याचीही नोंद करून घ्या.

आमची गाडी सध्या डिकीच्या रबरापर्यंत आलीये. पुढचा रविवार ब्रेकचा. रंग? पासिंग झाल्यावर बाबाच ठरवतील. तोवर तुम्ही एक करा: घरातल्या जुन्या गाडीवर चुंबक फिरवा आणि काय सापडलं ते मला व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात!