विकत घेतलेले गाणे कोणाचे?

आपल्या अक्कलकोटात वटवृक्ष मंदिराच्या वाटेवर एके काळी स्वामींच्या भजनांच्या कॅसेटी विकत. पैसे मोजले की कॅसेट आपली. मग ती बहिणीला द्या की शेजाऱ्याला! आता गाणे इंटरनेटवरून येते, तेव्हा आपण विकत काय घेतो, हे नीट पाहू.

आपल्याला मिळतो तो ऐकण्याचा परवाना. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत ‘फ्लाइट’ नावाचे गाण्यांचे दुकान काढले आणि २०१३ च्या जूनमध्ये बंद केले. ज्यांनी गाण्याची फाइल आपल्या यंत्रात उतरवून घेतली होती त्यांच्याजवळ ती राहिली, कारण तिला कुलूप नव्हते. मासिक वर्गणीच्या ॲपवर ‘डाउनलोड’ केलेले गाणे मात्र कुलूपबंद असते. वर्गणी थांबली की गाणे थांबले. भाडे वाईट असे आम्ही म्हणत नाही, पण भाड्याला खरेदी म्हणू नये.

आणि घाम कोणाचा? पूर्वी चित्रपटाचे गीतकार-संगीतकार बहुधा एकरकमी मोबदल्यावर सारे हक्क लिहून देत. सोलापूरच्या गिरणी कामगाराला निदान फंड आणि बोनस तरी होता! २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्याची बाजू मांडली. आता चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले, की त्यांना स्वामित्वधनाचा समान वाटा मिळाला पाहिजे, आणि तो निर्मात्याला लिहून देताही येत नाही. वसुलीचे काम मुंबईची आयपीआरएस ही १९६९ सालची संस्था करते. फुकट चोरून उतरवलेल्या गाण्यातून या वाट्यात एक पैही पडत नाही.