मशीन विचारतं: रुपये की युरो?

पॅरिसमधल्या रेस्तराँत जेवण आटोपलं की वेटर कार्डाचं मशीन टेबलापाशीच घेऊन येतो. कार्ड भारतातलं आहे हे ओळखून मशीन अनेकदा दोन आकडे दाखवतं, एक युरोत आणि एक रुपयांत. रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडेच वळतं. खिशाला चाट बसते ती इथेच.

रुपयांचा पर्याय निवडला की विनिमयाचा दर दुकानदाराला मशीनची सेवा देणारी यंत्रणा लावते आणि त्यात स्वतःचा नफा मिसळते. समजा, युरो 100 रुपयांना आहे आणि बिल 60 युरोंचं. दरात पाच टक्के चढवले, तर 6,000 चे 6,300 झाले. यात आपल्या बँकेचं शुल्क वाचतं, असंही नाही. परदेशी दुकानात रुपयांत केलेल्या व्यवहारावरही काही बँका शुल्क घेतात. स्थानिक चलनात पैसे दिले तरी बँकेचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारावरचं शुल्क, आणि त्यावरचा जीएसटी लागतोच. पण तो किती, हे निघण्यापूर्वी बँकेला विचारता येतं आणि कमी मार्कअपचं कार्ड सोबत नेता येतं.

चोरीची धास्ती मात्र चिपमुळे बरीच कमी झाली आहे. जुन्या काळ्या पट्टीवरची माहिती कायम तीच असे. ती एकदा टिपली की नकली कार्ड तयार. चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे आजचा आकडा चोरून उद्या उपयोग नाही. भारतात पट्टीची कार्डं बदलून चिपची देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2018 ही मुदत दिली होती.

आपल्याला दुकानात पिन टाकायची सवय आहे. अमेरिकेत क्रेडिट कार्डाला बहुधा पिन विचारतच नाहीत. तिथल्या बऱ्याच रेस्तराँत वेटर कार्ड आत घेऊन जातो आणि पावती आणून देतो. तिच्यावर टिपची रक्कम व एकूण बेरीज आपण लिहायची आणि सही करायची. मोबाइलवर आधी टिपविना रकमेचा मेसेज येतो, खात्यावर नंतर मोठी रक्कम लागते. ही फसवणूक नव्हे. तरी पावतीचा फोटो काढून ठेवावा. पेट्रोल पंपावरचं मशीन तिथला पिनकोड, म्हणजे झिप कोड मागतं. भारतीय कार्ड तिथे अडलं, तर आत कॅशियरकडे पैसे द्यावेत.

लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख चालत नाही; कार्ड नुसतं टेकवायचं. भुयारी रेल्वेत मात्र आत शिरताना जे कार्ड टेकवलं, तेच बाहेर पडताना टेकवावं. आत कार्ड आणि बाहेर फोन असं केलं, तर दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि भाडं जास्त कापलं जातं.

हॉटेलात अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात. तिथे डेबिट कार्ड दिलं, तर खात्यातले आपलेच पैसे काही दिवस वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड द्यावं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2020 पासून नवी कार्डं परदेशासाठी बंदच येतात. तेव्हा निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी वापर आणि टॅप सुरू करा, मर्यादा ठरवा, दुसरं कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवा. आणि मशीनने चलन विचारलं, की ज्या देशात आहात त्याच देशाचं निवडा.