बटाट्याचे तीन सोबती

बाजारातील सगळे बटाटे वरून सारखेच दिसतात. परंतु भाजीला उत्तम असलेला बटाटा वेफरांसाठीही उत्तम असेलच, असे नाही. पुष्कळदा त्याचे काप तळताना काळपट होतात व कडवट लागतात. असे का व्हावे?

बटाट्यात तीनचतुर्थांशाहून अधिक पाणी असते. उरलेल्या घन भागात मुख्यतः पिष्ट आणि थोडी साखर असते. ही साखर वाढली, की तळताना काप काळवंडतो. बटाटा टिकावा म्हणून तो शीतगृहात दोन ते चार अंश तापमानात ठेवतात. पण तेवढ्या थंडीत त्यातील काही पिष्टाची साखर बनते. म्हणजे टिकविण्याचा उपायच वेफरांच्या मुळावर येतो! असा माल कारखान्याने नाकारला, तर शेतकऱ्याचे कित्येक महिन्यांचे कष्ट मातीमोल होतात, आणि योग्य मालावाचून कारखान्याचेही काम अडते.

हा पेच कोणा एकट्याला सुटणारा नव्हता. कसा बटाटा हवा, हे कारखानदार जाणत होता. परंतु तो पिकविणे त्याच्या हाती नव्हते. शेतकरी जमीन, पाणी व रोगराई जाणत होता. परंतु नवा वाण निर्माण करण्याची साधने त्याच्यापाशी नव्हती. ते काम केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने केले. ही संस्था १९४९ साली पाटणा येथे स्थापन झाली व १९५६ साली सिमल्यास गेली. तेथील शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या वाणांचा संकर केला, त्यांतून चांगले कंद निवडले आणि ते तळूनही पाहिले. अखेर १९९८ साली ‘कुफ्री चिप्सोना-१’ व ‘कुफ्री चिप्सोना-२’ हे वाण प्रसृत झाले. ‘कुफ्री’ हे सिमल्याजवळील एका गावाचे नाव होय. या वाणांत साखर कमी व घन भाग अधिक असून उशिरा येणाऱ्या करपा रोगापुढेही ते टिकाव धरतात.

तथापि केवळ नव्या वाणाने काम भागत नाही. शेतकऱ्याने निरोगी बेणे लावावे लागते. कोवळ्या बटाट्यात साखर अधिक असते, म्हणून पीक पुरते पक्व झाल्यावरच काढावे लागते. वेफरांचा बटाटा दहा ते बारा अंश तापमानात साठवावा लागतो. शेत, प्रयोगशाळा व कारखाना यांपैकी एकानेही हयगय केली, तर इतर दोघांचे श्रम व्यर्थ जातात. तिघांनी एकमेकांचे ऐकले, तरच त्या श्रमांचे चीज होते.