माळवदावरची माऊ फ्लॅटमध्ये येते तेव्हा

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात मांजर कोणी ‘पाळत’ नसे; ते असेच. बळदात ज्वारी, ज्वारीला उंदीर आणि उंदरांमागे मांजर, असा सरळ हिशेब. रात्री ते माळवदावर हिंडे, दुपारी चुलीच्या उबेला झोपे आणि संध्याकाळी धारा काढून झाल्या की वाटीभर दुधासाठी पायांत घोटाळे. कधी शिंके तुटले तर बोक्याचे फावे, एवढाच काय तो वरकड लाभ.

त्या वाटीभर दुधाने आपली एक समजूत मात्र पक्की करून टाकली, की मांजर दुधावर जगते. खरे तर ते जगत होते उंदरांवर. आपल्या विधींची सोयही ते स्वतःच पाही. परसातली भुसभुशीत माती उकरायची, काम उरकायचे आणि वर माती लोटायची. आपल्याला दिसले ते फक्त दूध. उंदीर आणि माती या दोन गोष्टी नजरेआडच राहिल्या.

आज परभणीच्या वसमत रोडवरल्या एखाद्या फ्लॅटमध्ये मुलांच्या हट्टाखातर पिल्लू येते. त्याच्याबरोबर दुधाची वाटी येते. पण उंदीर येत नाहीत आणि परसही येत नाही. मग जे पूर्वी घर-अंगण परस्पर देत होते, ते आता कोणी द्यायचे? अर्थात आपणच.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेले नाही. एका मे महिन्यात आमचा बोका सकाळपासून सारखा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसू लागला. कुंथायचा, ओरडायचा आणि तसाच बाहेर यायचा. आई म्हणाली, “पोट साफ होत नसेल, चमचाभर एरंडेल द्या.” एरंडेलाची बाटली हातात असताना धाकटी म्हणाली, “बाबा, वाळू तर कोरडी आहे!” त्या एका वाक्याने बोका वाचला. डॉक्टरांनी पोटाला हात लावताच सांगितले, की लघवी तुंबली आहे. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. खडे किंवा गाळ अडकला, की एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. नळी घालून लघवी मोकळी केली तेव्हा कुठे तो शांत झाला. आम्ही त्याला नुसता कोरडा खाऊ घालत होतो आणि उन्हाळ्यात त्याच्या पाण्याकडे आमचे लक्ष नव्हते.

तेव्हापासून वाळूचे घमेले हे आम्ही मांजराचे प्रगतिपुस्तक समजतो. ते रोज वाचायचे असते.

आधी माती

वाळवंटी प्रदेशातल्या रानमांजरांचे हे वंशज. उकरून झाकायची खोड त्यांच्या रक्तातच आहे; शिकवावी लागते ती फक्त जागा. अमेरिकेत पूर्वी लोक पेटीत राख किंवा वाळू घालत. १९४७ मध्ये एडवर्ड लो नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलतानी मातीच्या जातीची माती पिशव्यांत भरून विकायला सुरुवात केली. पुढे ओलाव्याने गोळा होणारी बेंटोनाइट माती आली. गंमत म्हणजे पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी जमीन तिच्याच घराण्यातली! म्हणून शेतातली माती मात्र भरू नका. ती पंजांना चिकटून घरभर चिखल करते आणि तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. विकतची माती परवडत नसेल, तर चाळून, धुऊन वाळवलेली बारीक वाळू चालते. अगदी लहान पिल्लाला गोळा होणारी माती देऊ नये. ते ती खाऊन पाहते.

भांडे ऐसपैस हवे, मांजराच्या दीडपट लांबीचे. पिल्लासाठी काठ ठेंगणा असावा. वाळूचा थर दोनेक इंच पुरे. जागा शांत आणि जेवणाच्या वाटीपासून दूर असावी. धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी तर नकोच. मांजरे जितकी, त्याहून एक भांडे जास्त, असा जाणकारांचा हिशेब आहे. जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर पिल्लाला तिथे नेऊन ठेवा, दोन-चार दिवसांत ते शिकते. चुकले तर नाक घासू नका, मारू नका. त्याने ते जागा बदलत नाही, फक्त तुमच्यापासून लपून करू लागते.

घाण रोज काढावी. मांजराच्या विष्ठेतून क्वचित पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माच्या जंतूला रोगकारक व्हायला किमान एक दिवस लागतो. रोजच्या सफाईने तो धोका पुष्कळ टळतो. तरीही घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. भांडे साबण आणि गरम पाण्याने धुवा. फिनेल वापरू नका, मांजराला ते विषासमान आहे. वाळू संडासात ओतू नका, नळ तुंबतो.

मग उंदीर

उंदीर म्हणजे मांस, हाडे, काळीज आणि वर भरपूर पाणी. मांजर पक्के मांसाहारी. त्याला लागणारे टॉरिन नावाचे द्रव्य वनस्पतींत जवळजवळ नसते, आणि ते कमी पडले की डोळे आणि हृदय निकामी होते. दूधभातावर वाढलेले मांजर गुबगुबीत दिसले, तरी आतून उपाशीच असते. दूध तर मोठेपणी बऱ्याच मांजरांना पचतही नाही, जुलाब होतात.

ज्या घरात मांसमच्छी शिजत नाही, तिथे मांजरासाठीचा तयार परिपूर्ण खाऊ द्यावा. कुत्र्याचा खाऊ चालत नाही. घरी कोंबडी किंवा मासे देत असाल तर मीठ-मसाला, कांदा, लसूण न घालता उकडा, काटे काढा आणि रस्सा फेकू नका. टॉरिन त्यात उतरते. पण नुसत्या उकडलेल्या कोंबडीवरही भागत नाही, तयार खाऊची जोड हवीच. लहान पिल्लाला दिवसातून चार वेळा, मोठ्याला दोन वेळा. खाऊ बदलायचा तर आठवडाभरात थोडा थोडा बदला. पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत आईपासून तोडूच नये.

आणि पाणी! परभणीचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. दोन-तीन ठिकाणी पसरट मातीची भांडी ठेवा, पाणी रोज बदला, ओला खाऊही द्या. तो मात्र तासाभरात उचलावा. आपल्या उन्हात लगेच आंबतो.

ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एका गोळीने मांजर मरू शकते. दोन दिवस अन्न तोडले, किंवा बोका वाळूत बसून रिकामा उठला, तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठा. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण मांजरासाठी कोणी डॉक्टरकडे जाते का, असे अजूनही आपल्याला वाटते. जाते, आणि जावे. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजच्या लसीसाठी तर जायलाच हवे.

माळवद सुटले, बळदे बुजली, उंदरांमागे आलेले मांजर मात्र आपल्यामागे वर आले. आमचा बोका आता खिडकीत बसून खालची रहदारी पाहतो. मी रोज सकाळी चहाआधी वाळू चाळतो. ओला गोळा हाती लागला, की चहा गोड लागतो.