धरण आणि धरणें

मुळशी तालुक्यांत ‘धरण’ म्हटलें कीं मुळा नदीवरील प्रचंड बांध डोळ्यांसमोर येतो. शब्द इतका परिचयाचा आहे कीं त्याच्या व्युत्पत्तीचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘धृ’ म्हणजे धारण करणें, हा मूळ धातु. सर्वांस धारण करिते ती धरणी; पाणी धरून ठेवितें तें धरण. ‘धरणें’ हें नामहि याच कुळांतलें. धनकोनें ऋणकोच्या दारीं उपाशी बसावें आणि देणें फिटेपर्यंत त्यास अडवून धरावें, यास धरणें म्हणत. ही चाल पुरातन आहे. मनुस्मृतींत ऋणवसुलीच्या उपायांत ‘आचरित’ गणिलें आहे. त्याची व्याख्या करितांना बृहस्पति द्वारोपवेशनाचा स्पष्ट उल्लेख करितो. इ. स. १८०९ त शिंद्यांच्या छावणींत असलेल्या ब्रौटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांतहि धरण्याचें वर्णन आढळतें. पुढें इ. स. १८६० च्या दंडसंहितेनें, दैवी कोपाची भीति घालण्याच्या अपराधाचें उदाहरण म्हणून, कलम ५०८ खालीं धरणेंच दिलें.

या दोन शब्दांचें नातें केवळ व्याकरणांतलें आहे काय? मुळशीचा इतिहास तसें म्हणूं देत नाहीं. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें येथें धरण आरंभिलें, तेव्हां ता. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळे बांधकामाच्या जागीं जाऊन बसले. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. त्यांनीं या कृतीस ‘सत्याग्रह’ असें नांव दिलें. परंतु आपलें हक्काचें मागण्यासाठीं जागा धरून बसणें, हा जुन्या धरण्याचाच गाभा त्यांत आहे. धरणी सुटूं नये म्हणून धरणाविरुद्ध धरणें, असे एकाच धातूचे तीन शब्द येथें समोरासमोर आले. इ. स. १९२४ त लढा संपला. धरण उभें राहिलें.

आतां मराठींत ‘धरणग्रस्त’ हा शब्द रूढ झाला आहे. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ज्योतिषांत ग्रहण लागलेल्या सूर्यचंद्रांस हेंच विशेषण लावितात. मात्र ग्रहणास मोक्षकाल असतो. मुळशीच्या बुडालेल्या भातखाचरांस तो आलेला नाहीं. आणि हा भेद शब्दकोशांतील अर्थावरून कळण्याजोगा नसल्यामुळें येथें नमूद करून ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.